स्पीकर उघडण्याआधी

आज बुकशेल्फ स्पीकरबद्दल बोलू या. टेबलावर, स्टँडवर किंवा कपाटाच्या फळीवर मावणारी ती छोट्या खोक्यांची जोडी. घरात आहे तीच जोडी आणखी चांगली कशी वाजवायची, तिच्यात काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हा आजचा विषय.

सुरुवात एका प्रसंगानं करतो. इंदूरला ओळखीचे एक काका आहेत. निवृत्त, गाण्याचे दर्दी, आणि वीस-बावीस वर्षांची जुनी जोडी जिवापाड जपणारे. मला म्हणाले, "अरे, घराला रंग दिला तेव्हापासून यांचा जीवच गेलाय बघ. डग्गा ऐकूच येत नाही. कपॅसिटर नवे टाकले, महागाची वायर आणली, तरी तेच. आता भोक मोठं करून मोठे वूफर बसवायचं ठरवलंय. सुतार उद्या येतोय. त्याआधी तू एकदा बघतोस का?"

तोवर त्यांचे बारा-चौदा हजार रुपये गेले होते. मी वाकून मागची बाजू पाहिली. उजव्या स्पीकरची लाल वायर काळ्या टर्मिनलमध्ये होती आणि काळी लालमध्ये. रंगारी आले तेव्हा सगळं सोडवलं होतं. परत जोडताना एका बाजूला उलट जोडलं गेलं. अँप्लिफायर बंद केला, वायर बदलल्या, आणि दोन मिनिटांत डग्गा परत आला. काका काही बोलले नाहीत. फोन उचलला आणि सुताराला उद्या येऊ नको म्हणून सांगितलं.

असं का झालं? एका स्पीकरचा पडदा पुढे येत होता तेव्हाच दुसऱ्याचा मागे जात होता. खालच्या सुरांच्या लहरी लांब असतात, काही मीटरच्या. अशा दोन उलट लहरी खोलीत भेटल्या की एकमेकींना पुसून टाकतात. म्हणून डग्गा गेला. गवयाचा आवाजही दोन स्पीकरच्या मधोमध उभा राहायचा तो पसरट झाला. पण दोष ना कपॅसिटरचा होता, ना वूफरचा.

या छंदात पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा असे. वस्तू वाईट असते म्हणून नाही, तर क्रम चुकतो म्हणून. आधी खोली, मग जोडणी, मग दुरुस्ती, आणि शेवटी बदल. आपण नेमके शेवटापासून सुरू करतो.

खोक्यात असतं काय

साध्या बुकशेल्फ स्पीकरमध्ये चार गोष्टी असतात. खाली वूफर, साधारण ५ ते साडेसहा इंचांचा. वर ट्वीटर, बहुधा १ इंचाचा घुमटासारखा. आत क्रॉसओव्हर नावाची छोटी पट्टी. आणि चौथी गोष्ट, जी आपण मोजतच नाही, ती म्हणजे खुद्द खोका.

क्रॉसओव्हरचं काम वाटणीचं. अँप्लिफायरकडून सगळे सूर एकत्र येतात. कॉइल वरच्या सुरांना अडवते, म्हणून ती वूफरच्या वाटेवर असते. कपॅसिटर खालच्या सुरांना अडवतो, म्हणून तो ट्वीटरच्या वाटेवर असतो. रेझिस्टर ट्वीटरचा आवाज वूफरच्या जोडीला आणून बसवतो. ही हद्द साधारण २००० ते ३५०० हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी असते.

आपल्या गाण्यात हे आकडे कुठे बसतात ते पाहा. काळी एक मध्ये गाणाऱ्या गवयाचा मध्य सप्तकातला सा सुमारे १३९ हर्ट्झचा. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, सुमारे ६९ हर्ट्झ. म्हणजे गाण्याचा मूळ सूर जवळजवळ सगळा वूफरच देतो. ट्वीटरकडे येते ती 'स', 'श' यांची धार, घुंगरांची किणकिण, सतारीच्या जव्हारीची चमक.

चांगला बुकशेल्फ स्पीकर साधारण ५५-६० हर्ट्झपर्यंत दमदार वाजतो, त्याखाली तो हळूहळू मान टाकतो. म्हणजे खर्जाची तार त्याला जमते. तुम्ही मुख्यतः शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, जुनी सिनेमाची गाणी ऐकत असाल तर मोठ्या वूफरची गरज बहुधा नाहीच. ४० हर्ट्झच्या खालची सिनेमातली गडगड हवी असेल तर मात्र वेगळा सबवूफर घ्या. लहान खोक्याला फोडून ते मिळणार नाही.

यामागे एक जुना नियम आहे. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, अँटन हॉफमन, यांच्या नावानं तो ओळखला जातो. लहान खोका, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी फक्त दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. ज्या लहान स्पीकरचा खर्ज खोल असतो त्याला अँप्लिफायरची ताकद जास्त लागते. जाहिरात तिन्हींचं वचन देत असेल तर तिसरी गोष्ट कुठे कापली आहे ते शोधायचं.

आधी खोली

आपल्याकडच्या खोल्या विटा-सिमेंटच्या. खाली टाइल, एका बाजूला काचेची मोठी खिडकी. लाकडी भिंतींच्या घरातून खालचे सूर थोडे बाहेर निसटतात. आपल्या भिंती ते जवळपास सगळे परत पाठवतात. वरचे सूर टाइल आणि काचेवर आपटून फिरत राहतात. म्हणून स्पीकर दुकानात एक वाजतो आणि घरात दुसराच.

१० फूट बाय १२ फुटांची खोली घ्या. १२ फूट म्हणजे सुमारे ३.६६ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. या लांबीत ४७ हर्ट्झचा सूर अडकून फुगतो आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झचा. भिंतीला टेकून बसलात तर हे सूर सगळ्यात जास्त फुगलेले ऐकू येतात. बरोबर मधोमध बसलात तर ते जवळजवळ गायब होतात. घुमतंय म्हणून किंवा खर्ज नाही म्हणून स्पीकर बदलण्याआधी आपली खुर्ची दोन फूट पुढे-मागे करून पाहा. याला एक पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट, मागची भिंत. स्पीकरचा खालचा सूर मागे वळून भिंतीवर आपटतो आणि परत येतो. स्पीकरचा पुढचा पृष्ठभाग भिंतीपासून १ मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झच्या आसपास परत आलेली लहर मूळ लहरीला मारते. हे अंतर ६० सेंटिमीटर केलं तर तो खड्डा १४३ हर्ट्झला सरकतो, म्हणजे नेमका आपल्या गवयाच्या षड्जाजवळ. ३० सेंटिमीटरवर तो २८६ ला जातो. खड्डा पूर्ण जात नाही, पण कुठे पडावा हे आपल्या हातात असतं. मागची आणि बाजूची भिंत यांची अंतरं सारखी ठेवू नका, नाहीतर दोन्ही खड्डे एकाच जागी पडतात.

तिसरी गोष्ट, खोक्याची रुंदी. साधारण १९ सेंटिमीटर रुंदीच्या खोक्यातून सुमारे ६०० हर्ट्झच्या वरचे सूर मुख्यतः पुढे जातात. खालचे सूर खोक्याला वळसा घालून मागेही पसरतात. त्यामुळे खोलीच्या मध्ये ठेवलेला लहान स्पीकर पातळ वाटतो आणि भिंतीजवळ ठेवल्यावर भरतो. काही कंपन्या ही तूट क्रॉसओव्हरमध्येच भरून काढतात, काही भिंतीवर सोपवतात. तुमचा स्पीकर कोणत्या जातीचा आहे ते सरकवून ऐकल्याशिवाय कळत नाही. माहितीपुस्तिकेत भिंतीपासूनचं अंतर दिलेलं असेल तर ते नक्की वाचा.

चौथी गोष्ट, उंची. ट्वीटर कानाच्या पातळीवर हवा. बाजारातले स्टँड साधारण ६० सेंटिमीटरचे, म्हणजे सोफ्यावर बसणाऱ्या माणसासाठी. आपल्यापैकी कितीतरी जण गाणं ऐकायला खाली बैठकीवर बसतात. तेव्हा कान जमिनीपासून पाऊण मीटरच्या आसपास येतो, आणि स्टँडवरचा ट्वीटर डोक्यावरून बोलतो. अशा वेळी भक्कम चौरंग, आणि त्यावर स्पीकर पुढून किंचित वर उचललेला, हे महागड्या स्टँडपेक्षा चांगलं काम देतं. हलणारा चौरंग नको, एवढंच.

आणि स्पीकर खरंच पुस्तकांच्या फळीवर ठेवणार असाल तर पुढची कड फळीच्या कडेला आणा. मागे हवेची नळी, म्हणजे पोर्ट असेल आणि आवाज घुमत असेल, तर त्या नळीत स्वच्छ मोजा गुंडाळून सैलसर बसवा. खर्ज थोडा कमी होतो पण आवरता येतो. नाही आवडलं तर मोजा काढून टाका. समोर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, एवढ्यानं टाइलची खणखण बरीच उतरते.

मग जोडणी

काकांच्या घरी जे झालं ते तपासायला उपकरण लागत नाही. एक साधा दीड व्होल्टचा सेल घ्या. अँप्लिफायर बंद करून स्पीकरच्या वायर दोन्ही टोकांनी सोडवा. सेलचं धन टोक लाल टर्मिनलला आणि ऋण टोक काळ्याला क्षणभर टेकवा. बहुतेक स्पीकरमध्ये वूफरचा पडदा पुढे यायला हवा. दोन्ही स्पीकर सारखेच वागले पाहिजेत, हे महत्त्वाचं. टेकवून ठेवू नका, नुसता स्पर्श पुरे. आणि ही चाचणी क्रॉसओव्हरसकट, मागच्या टर्मिनलवरूनच करा. ट्वीटरच्या टोकांना थेट सेल लावायचा नाही.

वायरबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. घराच्या वायरिंगसाठी मिळते ती अडीच चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची वायर घ्या. तिचा रोध मीटरला सुमारे ८ मिलिओहम. स्पीकर तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे जेमतेम ०.०५ ओहम. स्पीकर ८ ओहमचा. त्याच्या तुलनेत हे नगण्य आहे. यापुढे पैसे वायरवर घालवायचे असतील तर दिसण्यासाठी घाला, त्यालाही माझी हरकत नाही. पण टोकं घट्ट, स्वच्छ आणि एकमेकांना न टेकणारी हवीत. तांब्याचा एक सुटा केस दुसऱ्या टर्मिनलला लागला तर अँप्लिफायर जळू शकतो.

दुरुस्ती हीच पहिली सुधारणा

जुन्या जोडीत काहीही नवं घालण्याआधी ती मुळात ठीक वाजते का ते पाहा.

वूफरच्या पडद्याभोवतीची कडा तपासा. ती रबरची असेल तर बरीच वर्षं टिकते. फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत ती चुरा होऊ लागते, आणि चेन्नई, कोलकाता, कोकण, गोवा अशा दमट हवेत आणखी लवकर. बोटानं हलकेच दाबल्यावर फोमचे तुकडे हाताला लागले तर वाजवणं थांबवा. पण या कारणासाठी वूफर टाकून देऊ नका. कडेची फोमची रिंग वेगळी मिळते आणि बसवता येते. आकार आतून-बाहेरून अचूक हवा. बसवताना पडदा मधोमध राहिला पाहिजे, नाहीतर आतली व्हॉइस कॉइल चुंबकाला घासते. दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून पडदा समान दाबा. खरखर जाणवली तर तो तिरका बसलाय. पहिल्यांदा करत असाल तर आधी एखाद्या भंगारातल्या वूफरवर हात बसवा, किंवा जाणत्या कारागिराकडे द्या.

ही कामं करणारे आणि सुटे भाग विकणारे लोक अजून आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ, बंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, दिल्लीचं लाजपतराय मार्केट, कोलकात्याचं चांदनी चौक. जाताना जुना भाग सोबत न्या. फोटो दाखवून आणलेला भाग हमखास चुकतो.

एक इशारा. हे सगळं मी साध्या, म्हणजे वेगळा अँप्लिफायर लागणाऱ्या स्पीकरबद्दल सांगतोय. ज्यांच्या मागे थेट विजेचा प्लग जातो त्या स्पीकरच्या आत घरची २३० व्होल्ट वीज येते, आणि प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो. ते घरी उघडू नका.

माझी फजिती

आता कपॅसिटर. या छंदातला सगळ्यात लाडका बदल, आणि माझी फजितीही इथलीच.

जुन्या स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये बहुधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. वर्षांनुवर्षं ते आतून सुकत जातात. त्यांचं मूल्य सरकतं आणि अंतर्गत रोध वाढतो. वीस-तीस वर्षांनी ते बदलणं शहाणपणाचंच. मी माझ्या जोडीत त्याच मूल्याचे, पण पॉलिप्रॉपिलिन फिल्मचे चांगले महाग कपॅसिटर घातले. सोल्डर थंड व्हायच्या आत गाणं लावलं आणि हरखून गेलो. सगळं कसं स्वच्छ, उघडं! आठवडाभर येईल त्याला ऐकवत होतो.

मग लक्षात आलं की मी गाणं कमी ऐकायला लागलोय. अर्ध्या तासात कान थकत. गायिकेचा 'स' सुईसारखा टोचत होता. बायको म्हणाली, "आधी स्वयंपाकघरातून ऐकायला बरं वाटायचं, आता बंद करावंसं वाटतं." तिला कपॅसिटरचं काही माहीत नव्हतं, म्हणून तिचं म्हणणं मी जास्त गंभीरपणे घेतलं.

कारण अगदी साधं निघालं. जुन्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध मोजला तर तो सुमारे १ ओहम होता. तो ८ ओहमच्या ट्वीटरच्या वाटेत रांगेत उभा होता आणि त्याचा आवाज सुमारे १ डेसिबलनं दाबत होता. नव्या फिल्म कपॅसिटरचा रोध जवळजवळ शून्य. म्हणजे मी आवाज स्वच्छ केला नव्हता, ट्वीटर १ डेसिबलनं मोठा केला होता. एक डेसिबल ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण वरचं सगळं एकदम तेवढं उचललं गेलं की स्पीकरचा स्वभाव बदलतो.

जुना भाग नवा असताना त्याचा रोध साधारण अर्धा ओहम धरूनच कंपनीनं हिशेब केला असणार. म्हणून मी नव्या कपॅसिटरच्या रांगेत ०.४७ ओहमचा रेझिस्टर जोडला. काही रुपयांचा भाग. टोचणी गेली, आणि गाणं पुन्हा तासभर चालू राहायला लागलं. तुम्ही बदलणार असाल तर जुन्या कपॅसिटरचं मूल्य आणि रोध आधी मोजा, लिहून ठेवा, आणि काढलेले भाग डबीत जपून ठेवा.

एक भाग हलला की बाकीचे हलतात

हे फक्त माझ्यासारख्या हौशी माणसाचं होत नाही. बीबीसीचा एलएस३/५ए नावाचा एक छोटा स्पीकर आहे. बाहेरच्या प्रक्षेपणासाठी फिरणाऱ्या गाड्यांमध्ये जागा कमी, म्हणून १९७० च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी तो तयार केला. सुमारे ३० सेंटिमीटर उंच, आतली जागा जेमतेम ५ लिटर. त्यात केईएफ कंपनीचा बी११० हा वूफर आणि टी२७ हा ट्वीटर. त्याचा आधीचा अवतार होता एलएस३/५. आणखी नग बनवायची वेळ आली तेव्हा कळलं की कंपनीकडून येणारे वूफर आणि ट्वीटर आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. नावं तीच, वागणं थोडं वेगळं. बीबीसीनं 'चालवून घेऊ' म्हटलं नाही. क्रॉसओव्हर नव्यानं आखला, आणि नावापुढे 'ए' लागला. पुढे वूफर पुन्हा सरकला तेव्हा १९८७ च्या सुमारास तो परत आखावा लागला. मूळचा १५ ओहमचा स्पीकर मग ११ ओहमचा झाला.

यातून आपण काय घ्यायचं? बाजारात शंभर-दोनशे रुपयांना तयार क्रॉसओव्हर मिळतो, '८ ओहम, २ वे' असं लिहिलेला. पुस्तकातल्या सूत्रानं ८ ओहमला ६.८ मायक्रोफॅरड लावला की हद्द सुमारे २९०० हर्ट्झला येते, हे खरं. पण ट्वीटर म्हणजे ८ ओहमचा रेझिस्टर नव्हे. त्याचा रोध प्रत्येक सुराला बदलतो. वूफरचाही तसाच. म्हणून कोणत्याही जोडीला चालणारा क्रॉसओव्हर ही वस्तूच अस्तित्वात नाही. दोन वेगवेगळ्या पायांना एकच चप्पल, तसं ते होतं.

वूफर बदलण्याचंही तेच. वूफर आणि खोका यांचं लग्न कसं जुळतं याचं गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते विस्तारलं. आज प्रत्येक चांगल्या वूफरच्या कागदावर थील-स्मॉल आकडे छापलेले असतात. वूफर स्वतःच्या लयीत कोणत्या सुराला डोलतो, किती लवकर थांबतो, आणि त्याची लवचीकता किती लिटर हवेइतकी आहे, हे त्यातून कळतं. हे आकडे जुळत नसतील तर महागडा वूफरही लहान खोक्यात ढबढब करतो. काकांनी भोक मोठं केलं असतं तर मूळ वूफर परत बसला नसता, आणि नवाही त्या खोक्यात रमला नसता. परतीचा रस्ता बंद करणारा हा बदल होता.

मग बदलायचं तरी काय

बरंच काही, पण परत फिरता येईल असं.

खोक्याच्या भिंती बोटानं ठोकून पाहा. ढब्ब आवाज आला तर ठीक. टण्ण वाजली तर ती भिंतही गाते आहे. आतून गाडीच्या दारांना लावतात तसली डांबरी पट्टी चिकटवली की ती शांत होते. एलएस३/५ए मध्येही जाड भिंती नाहीत. पातळ बर्च प्लाय आणि आतून असाच डांबरी थर आहे. भिंत जाड हवी असं नाही, तिनं उगाच बोलू नये एवढंच. पट्टी पातळच ठेवा, आतली जागा कमी करू नका.

आतला कापूस किंवा लोकर दबून खाली बसली असेल तर सैल करून परत पसरा. जास्त कोंबू नका, आणि पोर्टची नळी मोकळी राहू द्या. स्क्रू सैल झाले असतील तर आळीपाळीनं, समोरासमोरचे घट्ट करा. वूफर आणि खोका यांच्यामधून हवा गळत असेल तर तिथली पट्टी बदला. बंद खोक्यात एवढ्यानंही खर्ज सुधारतो. ट्वीटरभोवती नमदा चिकटवणं हा आणखी एक जुना उपाय. खोक्याच्या कडांवरून परतणारा आवाज त्यानं कमी होतो. दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं लावा, म्हणजे नाही पटलं तर काढता येईल.

ट्वीटर टोचत असेल तर त्याच्या रांगेत अर्धा किंवा एक ओहमचा, निदान पाच वॅटचा रेझिस्टर लावून पाहा. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारा बदल.

खरंच सुधारलं का, हे कसं कळावं

आपला कान फसतो, आणि तो एका ठरावीक रीतीनं फसतो. जे किंचित मोठं वाजतं ते त्याला चांगलं वाटतं. शिवाय आपण पैसे घातलेले असतात, मेहनत केलेली असते, त्यामुळे सुधारणा ऐकू यावी अशी आपलीच इच्छा असते.

म्हणून तीन नियम. एक, एका वेळी एकच बदल. दोन, बदल आधी एकाच स्पीकरमध्ये करा, दुसरा मूळचाच ठेवा. दोन्ही एकमेकांना चिकटून ठेवा, एकच मोनो गाणं लावा आणि आळीपाळीनं ऐका. घरातल्या कुणाला तरी बटण फिरवायला सांगा, कोणता वाजतोय ते न सांगता. तीन, शक्य असेल तर मोजा. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक काही हजारांत येतो, आणि चार-पाच हौशी मित्रांत एक पुरतो. मोजमापाची रेघ चांगलं-वाईट सांगत नाही, पण काय बदललं ते सांगते. माझ्याकडे तेव्हा माइक असता तर तो एक डेसिबल पहिल्याच संध्याकाळी दिसला असता.

आणि ऐकायला ओळखीचंच गाणं घ्या. शंभरदा ऐकलेलं, ज्यातला तानपुरा, ठेका, श्वास तुम्हाला पाठ आहे. फक्त स्पीकर दाखवण्यासाठी बनवलेल्या रेकॉर्डिंगवर सगळेच स्पीकर छान वाजतात.

काकांनी पुढे एवढंच केलं. कपॅसिटरच्या रांगेत छोटा रेझिस्टर, समोर सतरंजी, आणि स्वतःची आरामखुर्ची भिंतीपासून दोन फूट पुढे. मागच्या महिन्यात फोन आला. "सुताराचे पैसे वाचले त्यात कॅसेट डेक दुरुस्त करून घेतला," म्हणाले. "चाळीस वर्षांपूर्वी मीच मैफलीत बसून केलेलं रेकॉर्डिंग आहे. मागे कुणीतरी खोकतं, ते आमच्या अण्णांचं खोकणं आहे, हे मला आता कळलं." मग फोन स्पीकरजवळ धरून त्यांनी ते मला ऐकवलं. फोनवरून काय कळणार, पण मी ऐकलं.

पुढच्या भागात जुने अँप्लिफायर घेऊ: कोणता दुरुस्त करावा आणि कोणता नाही. तोवर आज घरी जाऊन फक्त एक करा. स्पीकरच्या मागे वाका आणि लाल वायर लालमध्येच आहे ना, ते पाहा. नमस्कार.